वरणाचं पाणी नको, वरण दे

प्रश्न : काकू, माझी मुलगी येत्या 20 तारखेला सहा महिन्यांची होईल. आजवर फक्त अंगावरचं दूध घेतलंय, वजन 6 किलो 800 ग्रॅम. माझी 26 आठवड्यांची रजा संपत आली आणि सांगलीला पतसंस्थेत हजर व्हायचंय. सासूबाई म्हणतात, वरणाच्या निवळीनं सुरुवात करू आणि दुपारी म्हशीचं दूध पाणी घालून देऊ. माझी आई वाईची, तिचा हेका नाचणीच्या सत्त्वाचा. उष्टावण सातव्या महिन्यात, तोवर काही तोंडाला लावायचं नाही असं ठरलंय. त्यात आमचा बेदाण्याचा धंदा, येणारा-जाणारा म्हणतो पोरीला बेदाणे चारा. तिला दात तर एकही नाही. कुणाचं ऐकू?
– एक आई, तासगाव

उत्तर : पोरी, सगळ्यांचं थोडं थोडं ऐक, पण निवळीच्या बाबतीत सासूबाईंचं ऐकू नकोस. हे मी फार महागात शिकले आहे.

1984 साली मी जावळी तालुक्यात अंगणवाडी सेविका होते. दिवसभर दुसऱ्यांची पोरं काट्याला टांगून वजनं लिहायची, आणि माझी लेक घरी वरणाच्या पाण्यावर. सासूबाई वाटी भरून निवळी पाजायच्या, लेक गटागटा प्यायची, आम्ही खूश. दहाव्या महिन्यात ती पोतेरा दिलेल्या भिंतीची माती चाटायला लागली. ओठ पांढरे, सारखी किरकिर. साताऱ्याला दाखवायला नेली. डॉक्टरांनी काय देता विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "बाई, उद्यापासून तुम्हीही दुपारी वरणाचं पाणी पिऊन मेढ्यापर्यंत चालत जा, मग मला सांगा." मी त्या वेळी रागावले होते. पुढं तीसेक वर्षं हेच वाक्य मी गावोगावच्या आयांना ऐकवलं.

हिशोब बघ. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागं साधारण 30 मिली मावतं. म्हणजे तुझ्या लेकीच्या पोटात जेमतेम 200 मिली, दोन कप चहाएवढी जागा. त्या जागेत पाणी भरलं तर पोट फुगतं, बाळ गप्प होतं आणि उपाशी राहतं. सहा ते आठ महिन्यांत अंगावरच्या दुधाशिवाय वरून दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात. तुपाचा एक छोटा चमचा म्हणजे 40 कॅलरी, त्याचा पाचवा हिस्सा. निवळीत यातलं काय असणार? डाळ तर खाली बसलेली असते, आणि ती आपण मोठी माणसं खातो!

तर तीच डाळ दे. मऊ शिजव, घोट, भातात कालव, वर तूप सोड. मीठ-साखर वर्षापर्यंत नको. तिला अळणी लागत नाही, अळणी तुला लागतं. दात नसल्याची काळजी सोड, हिरड्या चांगल्या कडक असतात. कधी बोट देऊन बघ.

आमच्याकडं याला खिमट म्हणतात. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चिमूटभर जिरं. धुऊन, सावलीत वाळवून, वेगवेगळं भाजायचं आणि मिक्सरवर रव्यासारखं काढायचं. मैद्यासारखं बारीक पीठ नको, दाणा बोटाला लागला पाहिजे. लागेल तेवढंच रोज शिजवायचं. झालं की चमचा तिरका करायचा. धार लागली तर पातळ, गोळा अडकून राहिला तर बरोबर. जिभेनं हलवता येईल इतकं मऊ, पण चमच्यावर टिकेल इतकं घट्ट. पुढचं सगळं विसरलीस तरी चालेल, ही चमच्याची खूण विसरू नकोस.

तुझ्या आईचं नाचणीचं मात्र खरं आहे. नाचणी रात्रभर भिजव, फडक्यात बांधून मोड आण, वाळव, हलकं भाज, दळ. मोड आल्यामुळं दाण्यात असं काही तयार होतं की लापशी शिजताना आपोआप सैल पडते, म्हणून पाणी न वाढवता त्याच वाटीत जास्त पीठ मावतं. आपल्या आज्यांनी हे प्रयोगशाळेत जाऊन शोधलं नव्हतं. नाचणीत कॅल्शियम भरपूर, पण लोहासाठी तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नकोस. जन्मताना आणलेला लोहाचा साठा साधारण सहाव्या महिन्यापर्यंत पुरतो, आणि अंगावरच्या दुधात लोह अगदी कमी. म्हणून डाळ, मसूर, शिजवून ठेचलेला पालक, वर लिंबाचे दोन थेंब, म्हणजे ते लोह अंगाला लागतं. घरात चालत असेल तर पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून सहाव्या महिन्यानंतर जरूर द्यायचं, पिवळा आणि पांढरा दोन्ही. आशाताईंकडून लोहाचं पातळ औषध मिळतं, आठवड्यातून दोनदा 1 मिली. तेही विचारून घे. अंगणवाडीतून सहा महिन्यांनंतर घरपोच आहार मिळतो, तो तुझा हक्क आहे, तिथं लाजू नकोस.

उष्टावणाचं ऐक. तुमच्यात मुलींचं पाचव्या किंवा सातव्या महिन्यात आणि मुलांचं सहाव्या-आठव्यात असेल. पोरीचे सहा महिने पूर्ण झाले की दुसऱ्या दिवशी सातवा लागतोच, म्हणजे सासूबाईंचा मुहूर्त आणि डॉक्टरांचा मुहूर्त एकच निघाला! मामाला बोलवा, चांदीची वाटी काढा, खीर करा. फक्त 20 तारखेनंतर फार लांबवू नका. मुहूर्त महिनाअखेरचा निघाला तर तेवढ्यासाठी पोरीला उपाशी ठेवायची गरज नाही. दोन चमचे गुपचूप दे आणि उष्टावण वाजत-गाजत कर. तसंही खीर तिच्या पोटात चमचाभरच जाते, बाकीची आपण खातो.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. एक चव तीन-चार दिवस चालू दे, मग दुसरी. हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा. अंगावरचं दूध सुरूच ठेव, दोन वर्षांपर्यंत आणि हवं तर त्यापुढंही. वरचं अन्न दुधाच्या जागी घालायचं नसतं, दुधाच्या सोबत घालायचं असतं.

आणि म्हशीचं दूध? वर्षाच्या आत पिण्याचं मुख्य दूध म्हणून गाईचं-म्हशीचं नको, पाणी घालून तर मुळीच नको. खिचडीत एखादा चमचा दही चालेल. तू हजर झाल्यावर दूध काढून ठेव. धुतलेल्या, झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात बाहेर जास्तीत जास्त चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. सांगलीच्या उन्हाळ्यात मी बाहेर दोन तासांवर ठेवणार नाही, हे माझं मत. पाजताना वाटी-चमचा, बाटली नको. कायद्यानं मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत तुला दिवसात दोनदा दूध पाजायची सुट्टी मिळायला हवी, आणि कामाला 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोयही. साहेबाला पहिल्याच दिवशी सांग, महिनाभरानं सांगितलंस तर तोंड वाकडं होतं.

राहिले बेदाणे. तासगावच्या घरात हे लिहिणं जिवावर आलंय, पण अख्खा बेदाणा, अख्खा शेंगदाणा, द्राक्ष, भडंग, बोर यातलं काही नको. बेदाणा भिजवून, कुस्करून, गाळून लापशीत घातलास तर चालेल, तेवढीच गोडी. शेंगदाण्याचं बारीक कूट पातळ करून लापशीत चालतं. तिच्या अंगावर इसब, म्हणजे खाजेचे कोरडे चट्टे असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचार. आणि संक्रांतीला बोरन्हाण करताना बाळाच्या डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतताना शेजारी एक जण फक्त तिचे हात धरायला बसव. खोकला काढत, तोंड लाल करत उलटीसारखं करणं हे शिकण्यातलं असतं, घाबरू नकोस. आवाजच न येणं आणि श्वास अडणं हे खरं संकट. लगेच मांडीवर पालथं धरून खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच थापा द्यायच्या आणि माणसं बोलवायची. हे आशाताईंकडून एकदा करून बघून शिकून घे, सासूबाईंनाही बसव. दुपारी पोरगी त्यांच्याकडंच असणार आहे.

प्रश्न : आमच्या नातवाला पाचवा महिना आहे. सोनं उगाळून मधात चाटवायचं चालू आहे, आणि गुटीही. सून म्हणते मध बंद करा. आमची सगळी लेकरं मधावरच वाढली.
– एक आजी, कोरेगाव तालुका

उत्तर : आक्का, सूनबाईंचं बरोबर आहे. मध वर्षापर्यंत बंदच. मधात काही जिवाणूंची बीजं असू शकतात, ती उकळूनही मरत नाहीत. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती सहसा रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. मग बाळाची शी खड्यासारखी कडक होते, रडणं बारीक होतं, मान टाकतं, दूध ओढत नाही. असं कधी दिसलं तर घरगुती काही न करता दवाखाना. तुमची लेकरं वाचली हे देवाचं देणं. माझ्या ओळखीतली सगळी वाचली असं मी म्हणणार नाही.

गुटीही थांबवा. सहाणेवर काय काय उगाळलं जातं, ती सहाण कुणी किती धुते, हे तुम्हाला ठाऊक आहे. उष्टावणाच्या दिवशी सोन्याची अंगठी चाटवायची हौस असेल तर धुऊन, नुसत्या खिरीत बुडवा. सोनं उगाळून मात्र नाही.

प्रश्न : मुलगा नऊ महिन्यांचा. दोन महिन्यांपासून देतोय तरी खिचडी बाहेर ढकलतो. मोबाईलवर गाणी लावली तरच गिळतो. काय चुकतंय?
– एक वडील, कराड

उत्तर : दादा, वडिलांचं पत्र आलं याचा आनंद झाला. जिभेनं बाहेर ढकलणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे, सुरुवातीला जीभ तशीच चालते. एखादी चव आवडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चाखावी लागते. आपण तिसऱ्यांदाच हार मानतो. नऊ महिन्यांचा झाला तर पुरणयंत्रातून गुळगुळीत काढणं थांबवा. हाताला लागणारे मऊ तुकडे द्या, शिजलेलं गाजर, पिकलेलं केळं, भाकरीचा दुधात भिजवलेला तुकडा. सांडेल, सांडू दे. खाली जुनं धोतर अंथरा.

मोबाईल बंद करताना तो दोन-तीन दिवस रडेल. गाण्याच्या तंद्रीत तोंड उघडतो खरा, पण पोट भरलं कधी हे त्याला कळत नाही. तोंड फिरवलं की ताट उचला, तासाभरानं परत द्या. आणि घरातल्या सगळ्यांच्या जेवणाच्या वेळीच त्याला समोर बसवा. वजन गेल्या दोन महिन्यांत अजिबात वाढलं नसेल तर मात्र माझ्या पत्राची वाट न बघता डॉक्टरांकडं जा.