जुन्या स्कॉटिश घराण्यांच्या तैलचित्रांतल्या बहिणी खरंच इतके भारी रेशमी कपडे घालायच्या का?

घालायच्याच असं नाही. पैसा असायचा, पण चित्रातला झगा त्यांच्याच कपाटातला असेल याची गॅरंटी शून्य.

चित्रकार अ‍ॅलन रॅम्झी घ्या, एडिंबराचा, जन्म 1713. लंडनला धंदा जोरात सुरू झाल्यावर हा चेहरा स्वतः काढायचा आणि मग कॅनव्हास जायचा व्हॅन आकेनकडे, ज्याचं काम काय तर फक्त कपडे रंगवणं, सॅटिनच्या चुण्या, लेस, सगळं. हाच माणूस टॉमस हडसनच्या चित्रांतलेही कपडे रंगवायचा, त्यामुळे वेगवेगळ्या घरांतल्या बायका एकाच शिंप्याकडे जाऊन आल्यासारख्या दिसतात (आपल्याकडे फोटो स्टुडिओत कोट मिळायचा ना, सगळ्यांना तोच, तसंच). 1749 ला व्हॅन आकेन वारला. रॅम्झीने पुढे बायकोचं, मार्गारेट लिंडसेचं पोर्ट्रेट केलं, फुलदाणीत गुलाब लावता लावता वळून बघतेय, ते एडिंबराच्या नॅशनल गॅलरीत आहे, जमलं तर बघाच.

आता माझं आवडतं. स्कॉटलंडमधल्या पर्थजवळ स्कोन पॅलेसला दोन मुलींचं चित्र आहे, साधारण 1778 चं, लेडी एलिझाबेथ मरे आणि डीडो बेल. सख्ख्या नाहीत, पण लंडनजवळ केनवुडला लॉर्ड मॅन्सफिल्डच्या (दोघींचे नात्यातले आजोबा) घरी एकत्र वाढलेल्या. डीडोची आई गुलामगिरीत असलेली आफ्रिकन बाई आणि बाप जॉन लिंडसे, म्हणजे वरच्या गुलाबवालीचा भाऊ! चित्र बरीच वर्षं झोफनी नावाच्या चित्रकाराचं समजायचे, आता डेव्हिड मार्टिनचं मानतात, आणि तो रॅम्झीचा शिष्य, म्हणजे सगळा घरचाच मामला.

एलिझाबेथ गुलाबी झग्यात, हातात पुस्तक. डीडो चंदेरी सॅटिनमध्ये, डोक्याला पीस खोचलेली पगडी, हातात फळं, एक बोट गालावर. ही पगडी तिची रोजची असेल असं मला अजिबात वाटत नाही, घरात ती दूधदुभतं आणि कोंबड्यांचं बघायची. 1779 ला हचिन्सन नावाचा पाहुणा जेवायला आला होता, त्याने डायरीत लिहून ठेवलंय की ती जेवण झाल्यावर आत आली, बायकांमध्ये बसली, आणि कॉफीनंतर सगळे बागेत फिरायला निघाले तेव्हा घरातल्या एका मुलीने तिच्या हातात हात घातला होता. चित्रातही एलिझाबेथचा हात डीडोच्या दंडाजवळ आहे, झूम करून बघा.