मानवतावादी मदत की मानवीय? (आणि मदतीची सख्खी बहीण)

प्रश्न असा आलाय: सप्टेंबर २०२४ मध्ये भारत सरकारने दुष्काळात सापडलेल्या झिंबाब्वे, मलावी आणि झांबियाला धान्य धाडलं, तेव्हा बातम्यांत कुठे 'मानवतावादी मदत' होतं तर कुठे 'मानवीय मदत'. यातलं बरोबर कुठलं?

'मानवतावादी' डोक्यातून काढून टाका. वाद म्हणजे विचारसरणी, पटली तर घ्यायची. न्हावाशेवा बंदरातून झिंबाब्वेला निघालेल्या १००० टन तांदळाला कसली आलीय विचारसरणी? त्याहून डोकं फिरतं ते 'मानवतावादी संकट' ऐकलं की. अहो, संकट काय मानवतावाद मांडणारे मानवेंद्रनाथ रॉय वाचून आलंय का? माणसं उपाशी मरतायत आणि आपण त्या संकटाला मानवतावादी म्हणतोय, रोज, टीव्हीवर, कुणाला काहीच वाटत नाही.

पण खरी गंमत आहे 'मदत' शब्दात, ते कुणी विचारतच नाही. मूळ अरबी 'मदद', धातू म-द-द, अर्थ ताणणं, लांबवणं. लढणाऱ्या सैन्याला मागून येऊन मिळणारी कुमक ती मदद, म्हणजे फौज लांबवायची. आणि ह्याच धातूपासून काळ ताणून झाली ती 'मुद्दत', आपली मुदत! मदत आणि मुदत सख्ख्या बहिणी आहेत. बँकेत मुदतठेव ठेवताना हे मनात आलं तर बघा.

आता झांबियाकडे बघा. एल निनोने पाऊस पळवला, २२ लाख हेक्टर मक्यापैकी १० लाख हेक्टर गेला, २०२४च्या २९ फेब्रुवारीला त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली. तिथे पाऊस नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो आणि मका हाताशी येतो एप्रिल-मेमध्ये, मग भारताने पाठवलेल्या १३०० टन मक्याने काय होणार, तर पुढच्या सुगीपर्यंत तग धरायची मुदत थोडी लांबणार. दुष्काळ काही मिटत नाही त्याने, पण दिवस लांबतात. अरबी धातू नेमका हेच सांगतोय!

एका व्याख्यानात एक विद्वान गृहस्थ म्हणाले, मदत हा संस्कृतच, 'मद् + दत्त', म्हणजे मी दिलेलं. सभागृहात टाळ्या. एकेका सरकारच्या मदतवाटपाचे फोटो बघता ही व्युत्पत्ती शोभते खरी, पण व्युत्पत्ती अशी शोभेसाठी लावत नाहीत हो. दुसरे उर्दूवाले मित्र, ते म्हणणार मराठीतलं 'मदत' म्हणजे चूक, 'मदद' म्हणा. का म्हणा? खुशामदची आम्ही खुशामत केली, पसंदचं पसंत केलं, तशीच मददची मदत. शेवटच्या द चा त करणं ही आमच्या जिभेची पद्धत आहे, चूक नाही. मग सनद, रसद, फिर्याद, दाद ह्यांचा द कसा टिकला? तर माझा सिद्धांत असा की हे कचेरीतले आणि फौजेतले शब्द, कारकुनाने कागदावर लिहून ठेवले म्हणून टिकले, आणि मदत, पसंत, खुशामत तोंडातोंडी फिरून झिजले. खुशामत कचेरीतच जास्त चालते असा टोमणा मला मारून झालेला आहे, पण ती कुणी लेखी करत नाही!

हां, तर तुमचा प्रश्न. माझी आई ७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, तेव्हा कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. ती लाल भाकरी तिच्या घशाखाली उतरायची नाही. पण सुकडीचं नाव काढलं की अजून म्हणते, "ज्येनं धाडली त्येनं माणुसकी केली." मानवता नाही, वाद तर नाहीच नाही. बातमीत 'झांबियाला दुष्काळी मदत' लिहा, सगळ्यांना कळतं. कुठल्या करारात विशेषण लागलंच तर 'माणुसकीच्या नात्याने मदत' लिहा, दोन शब्द जास्त गेले तर कागद काही फाटत नाही. 'मानवीय' संस्कृतला चालेल, हिंदीत तर रोज चालतंय, मराठीत मात्र मला ते 'मानवी'ला जादा य चिकटल्यासारखं दिसतं. आणि नुसतं 'मानवी मदत' लिहाल तर लोक विचारतील, का हो, बाकीची काय माकडांनी पाठवली?