पोटगीची थकबाकी आणि एका वर्षाची मुदत

मुलीला दरमहा ८,००० रुपये पोटगी द्यावी, असा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालील कौटुंबिक न्यायालयाचा आदेश तुमच्याकडे २०२१ पासून आहे. गेल्या २२ महिन्यांत एक रुपयाही आलेला नाही, आणि दुसऱ्या शहरात नोकरीला गेलेले मुलीचे वडील आता ४०,००० रुपये एकरकमी देऊन ‘काही येणे नाही’ असे लिहून मागत आहेत. अशा आशयाची पत्रे वारंवार येतात आणि बहुतेकांत पोटगीचा हक्क शाबूत आहे का, एवढेच विचारलेले असते. तो हक्क आदेशानेच ठरला आहे. खरा प्रश्न वसुलीचा अर्ज केव्हा केला हा आहे, आणि तुम्ही तो अद्याप केलेलाच नाही.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५(३) मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४(३) मध्ये एकच परंतुक, म्हणजे अट, आहे: रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नसेल, तर तिच्या वसुलीसाठी वॉरंट काढता येत नाही. ही मुदत प्रत्येक महिन्याच्या हप्त्याला स्वतंत्रपणे लागते. तुमची एकूण थकबाकी १,७६,००० रुपये असली, तरी आज अर्ज केल्यास वॉरंटच्या मार्गाने साधारण मागील १२ महिन्यांचे ९६,००० रुपयेच मागता येतील, आणि अर्ज लांबेल तसा दरमहा आणखी एकेक हप्ता मुदतीबाहेर जाईल. ‘पुढच्या महिन्यात देतो’ या फोनवरच्या शब्दावर तुम्ही जवळपास दोन वर्षे विसंबून राहिलात, याचे मला वाईट वाटते, कारण नुकसान तुमच्यापेक्षा मुलीचे झाले आहे. फोनवरच्या आश्वासनाने ही मुदत थांबत नाही.

आधीच्या १० महिन्यांचे ८०,००० रुपये मात्र बुडालेच, असे समजू नका. मुदत वॉरंटच्या मार्गाला आहे, मूळ हक्काला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे (दिवाणी न्यायालयाच्या निर्णयाप्रमाणे) अमलात आणता येतो, असे २०२० च्या निकालात म्हटले आहे. या रकमेसाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करण्याचा मार्ग तपासून पाहावा; तुमच्या न्यायालयात तो कितपत सुकर ठरेल, हे आदेशाची प्रत पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

समन्सची बजावणीच महिनोन्‌महिने रखडते आणि लहान मुलांच्या पोटापाण्याच्या प्रकरणातही तारखांवर तारखा पडतात, ही आपल्या न्यायालयांची गोष्ट संताप आणणारी आहे. पण अर्ज एकदा मुदतीत दाखल झाला, की तो प्रलंबित असताना पुढे थकणारे हप्तेही त्यातच मागता येतात, हे २००५ पासून ठरलेले आहे. त्यामुळे न्यायालयाच्या विलंबाने तुमची मुदत बुडत नाही. वॉरंटनंतरही रक्कम भरली नाही, तर कैद होऊ शकते आणि कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. नव्या नोकरीचे ठिकाण कळले, तर पगारावर जप्ती मागा; पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीपासून सुरक्षित असतो. ते राहतात त्या ठिकाणच्या दंडाधिकाऱ्यांकडूनही आदेशाची अंमलबजावणी करून घेता येते.

अर्जासोबत आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल, तुमच्या बँकेचा खातेउतारा आणि कोणत्या महिन्याचे किती येणे आहे, याचा महिनावार तक्ता जोडा. ४०,००० रुपये घ्यायचे असतील, तर थकबाकीपोटी अंशतः रक्कम म्हणून खात्यातच घ्या आणि पावतीवर तेवढेच लिहा. बाकी रक्कम सोडल्याच्या कागदावर सही करू नका. पोटगी मुलीची आहे, आणि तिच्या वतीने ती सोडून देण्याचा करार न्यायालय सहसा मान्य करत नाही.