आधी तिचं बीपी मोजा

पत्र : सून सातव्या महिन्यात आहे. लग्नाआधीपासून ती ‘क्रिस्टल’ ओढायची, हे आम्हाला आत्ता कळलं. पंधरा दिवसांपासून बंद केलंय म्हणते. पण दिवसभर लोळत असते, उठली की खाते. त्यात डोकं दुखतं, पाय सुजलेत, अशी रोज नवी कारणं. बोभाटा नको म्हणून दोन महिने दवाखान्यात नेलेलं नाही. मुलगा माझा फार साधा आहे हो. नातवंड धडधाकट निघेल ना? की हिला आत्ताच माहेरी पाठवू? – एक सासू, पनवेल

ताई,

माहेर राहू द्या. तुमच्या पत्रात मला एकच ओळ दिसतेय : डोकं दुखतं, पाय सुजलेत. सातव्या महिन्यातल्या बाईचं डोकं रोज दुखतंय आणि दोन महिने तिच्या दंडाला बीपीचा पट्टा लागलेला नाही, याला तुम्ही कारणं म्हणता? ईमेलवर तुम्हाला लगेच एक ओळ पाठवली होती. ती वाचली नसेल तर हे पुरं वाचत बसू नका, उठा.

क्रिस्टल म्हणजे मेथॅम्फेटामिन. ते रक्तवाहिन्या आवळतं, बीपी चढवतं, वारेकडे जाणारं रक्त कमी करतं. बाळाची वाढ खुंटते, दिवस भरण्याआधी कळा येतात, कधी वारच सुटते आणि दोघांच्या जिवावर बेततं. गरोदरपणात १४०/९० हे जास्त बीपी. १६०/११० झालं की क्षणाचाही उशीर नको, फिट येऊ शकते. डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणं, अंगावरून रक्त जाणं, यांतलं काहीही दिसलं तर थेट १०८.

आणि ते लोळणं, खाणं? क्रिस्टल सोडल्यावर माणूस असाच गळून जातो, झोप आणि भूक अनावर होते. म्हणजे पोरगी बहुधा खरं बोलतेय. कुणाच्या आधाराशिवाय पंधरा दिवस काढलेत तिने आणि तुम्ही तिचे घास मोजताय. (साध्या मुलाला इतके महिने काही दिसलं नाही, हेही नवलच.)

नातवंडाचं विचारता. या नशेने अमुक एक व्यंग ठरलेलंच, असं नाही. वजन कमी भरू शकतं, पहिले काही दिवस बाळ सुस्त राहून दूध नीट ओढत नाही. अमेरिकेत अशी मुलं साडेसात वर्षांची होईपर्यंत तपासली गेली. त्यांच्या वागण्यातल्या अडचणींत घरच्या वातावरणाचा मोठा वाटा निघाला. ते घर तुमचं आहे. आता सोडल्याचा बाळाला फायदाच होईल, मात्र पुन्हा घेतलं तर अंगावर पाजायचं नाही.

पोलिसांची धास्ती असेल तर ऐका : १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला नशा केल्याच्या खटल्यातून वाचवणारं. व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत क्रमांक १४४४६. तो फोन उद्या करा.

आज दवाखाना. लहान मुलांचा विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठा आणि क्रिस्टलचं पहिल्याच मिनिटाला सांगा, कारण बीपीचं औषध निवडताना, भूल देताना डॉक्टरांना ते माहीत असावंच लागतं. गाडीत तिच्याशेजारी तुम्ही बसा. तपासायला मात्र तिला एकटीला आत जाऊ द्या, तिच्या वतीने तुम्ही बोलायचं नाही.