भाच्याला जाळी का चालत नाही?

प्रश्न : माझ्या 34 वर्षांच्या भाच्याला मार्फान सिंड्रोम हा शरीरातील आधार देणाऱ्या ऊती कमकुवत करणारा आनुवंशिक आजार आहे. हृदयालगतच्या महाधमनीची शस्त्रक्रिया पूर्वीच झाली असून आता छातीतल्या उतरत्या महाधमनीत 6 सेंटिमीटरचा फुगवटा आढळला आहे. आमच्या गल्लीतल्या सत्तरीच्या काकांचा पोटातला फुगवटा जांघेतून जाळी घालून दुरुस्त झाला आणि आठवड्यात ते रंकाळ्यावर फिरू लागले. मग भाच्याची छाती उघडायला डॉक्टर का सांगतात?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपण जिला जाळी म्हणता ती खरे तर पॉलिस्टरसारख्या कापडाची नळी असते आणि तिला निटिनॉल या लवचीक मिश्रधातूच्या तारेचा सांगाडा असतो. ती आत शिवली जात नाही. फुगवट्याच्या वर आणि खाली चांगल्या भिंतीवर ती केवळ तारेच्या ताणाने घट्ट बसते, म्हणूनच ती वाहिनीच्या मापाहून साधारण 10 ते 20 टक्के मोठी निवडतात. काकांच्या धमनीने हा ताण सोसला. मार्फानमध्ये धमनीच्या भिंतीला बळ देणारे फायब्रिलिन हे प्रथिनच सदोष असल्याने भरवशाची भिंत मुळात सापडत नाही : सततच्या दाबाने धमनी हळूहळू रुंदावते, कडेने रक्त पुन्हा फुगवट्यात शिरते, किंवा तारेच्या टोकापाशी आतला थर चिरतो. अशा जाळीवर पुढे करावी लागणारी शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा अवघड होते.

जाळी अगदीच वर्ज्य आहे असे मात्र नाही. धमनी फुटून जीव धोक्यात आला असेल, किंवा जाळीची टोके आधी शिवलेल्या कृत्रिम नळीत बसणार असतील, तर तिचा विचार होतो. जुन्या शस्त्रक्रियेचे कागद त्यासाठीच सोबत न्यावेत. खुल्या शस्त्रक्रियेत मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटून पाय लुळे पडण्याचा धोका असतो, तेव्हा ती नेहमी करणाऱ्या केंद्रातच करावी, मग पुणे-मुंबई गाठावी लागली तरी चालेल.

तोवर रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नयेत, तालमीतले जोर आणि वजने बंद ठेवावीत, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली प्रतिजैविके डॉक्टरांना आजार सांगितल्याविना घेऊ नयेत. भाच्याला मुले असतील तर प्रत्येकाला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. भाच्यात तो त्याच्या आईकडून आलेला असू शकतो, म्हणून आपल्या बहिणीचा इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर तो आधी करावा. त्यात काही निघाले, तर मामांनीही स्वतःचा इको करून घ्यावा.