दुपारीच बंद पडणारा लॅपटॉप

भाऊ, तुमचं सेवा केंद्र कापसाच्या जिनिंगच्या समोर, लॅपटॉप चार वर्षांचा, सकाळी ठणठणीत आणि दुपारी दोन-तीनला खटकन बंद होऊन राहिला. मग दोनदा फॉरमॅट का मारला? घड्याळ पाहून बंद पडणारं विंडोज मी तरी पाहिलं नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या, ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीला तुम्ही रोग समजलात. तो नुसता पंचनामा आहे. मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. कशानं, ते नाही.

भर दुपारी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन तासभर तसाच राहू द्या. तिथंही बंद पडला तर विंडोज निर्दोष सुटली. नाही पडला तरी उष्णतेवरचा संशय सुटत नाही, कारण तिथं मशीनवर फारसा भार नसतो.

माझा संशय रुईवर आहे. माझा लॅपटॉप असाच करायचा. खोलून पाहिला तर पंखा आणि जाळी यांच्यामध्ये रुई-धुळीची अख्खी गादी! पंखा फिरत होता, आवाजही येत होता, पण हवा बाहेर पडत नव्हती. म्हणून आवाजावर जाऊ नका, जाळीपाशी हात धरून पाहा. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की जळू नये म्हणून मशीन स्वतःच वीज तोडतं, निरोप न देता. बरेच लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत आपलं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

साफ करताना आधी बॅटरी सोडवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीनं अडवा, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जातं. चार वर्षं झालीत, तर थर्मल पेस्टही, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारा लेपही, बदलून घ्या. आणि थंड होईल म्हणून कूलरसमोर ठेवू नका. पाण्याचे तुषार आत गेले तर बोर्डच जायचा.

चार्जर लावलेला असूनही लाईन लपकली की त्याच क्षणी बंद पडतो का? मग बॅटरी संपलीय, तिला तेवढा क्षणही भार पेलत नाही. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून फुल चार्ज कपॅसिटी (आता भरते तेवढी) डिझाईन कपॅसिटीच्या (नवी असताना ठरलेली) निम्म्यावर आली का पाहा. टचपॅड वर उचललेला दिसला तर मात्र रिपोर्ट-बिपोर्ट काही नको. बॅटरी फुगलीय, चार्जर काढा आणि आजच बदलायला न्या.