वाचक विचारतात: सूनबाईंचा पासपोर्ट इराणचा आहे

टिळक रस्त्यावरचं तिकिटं-व्हिसाचं दुकान बंद करून मला सहा वर्षं झाली, पण पत्रं काही थांबत नाहीत. जुलै २०२५ मध्ये तर रीघच लागली. अमेरिकेनं ९ जून २०२५ पासून १२ देशांच्या लोकांना दार लावून घेतलं आणि आणखी ७ देशांना अर्धवट उघडं ठेवलं. यादीत भारत नाही. तरीही पत्रं आपल्याच घरांतून आली आहेत. त्यातली तीन इथे घेते.

प्रश्न: ताई, आमची सून इराणची. पुण्यात एम.एस्सी. करायला आली, मुलाशी ओळख झाली, फेब्रुवारीत नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. मुलगा अमेरिकेत ऑस्टिनला एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असतो, तो लगेच परत गेला. ही आमच्याकडेच आहे. मराठी छान बोलते. भाताला खालून मुद्दाम खरवड धरू देते आणि तिचा पहिला तुकडा मला वाढते. तिच्या एच-फोर, म्हणजे अशा नोकरदाराच्या जोडीदाराच्या, व्हिसाची मुलाखत मुंबईला ऑगस्टअखेर आहे. एजंट म्हणतो, आता ती भारताची सून, अर्जही भारतातून, मग कसली अडचण? शिवाय ओसीआय कार्ड (परदेशी पासपोर्टवाल्याला भारतात कायम येण्या-राहण्याची मुभा देणारं) काढून देतो म्हणाला, २५ हजार मागतोय. खरं काय धरायचं? (एक सासू, कर्वेनगर, पुणे)

उत्तर: आधी ते २५ हजार परत कपाटात ठेवा. परदेशी जोडीदाराला ओसीआय मिळायला लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं व्हावी लागतात, तुमच्याकडे सहा महिनेही झालेले नाहीत. आणि उद्या ते मिळालं तरी ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. विमानतळावर पुढे करायचा पासपोर्ट इराणचाच राहणार.

बंदीचा हुकूम दोन गोष्टी बघतो. हातात कुठला पासपोर्ट आहे, आणि ९ जूनला त्यात चालू व्हिसा होता का. लग्न कुठे झालं, सासर कुठलं, अर्ज मुंबईतून केला की तुर्कस्तानातल्या अंकारातून, याला त्यात जागा नाही. तिची मुलाखत मे महिन्यात होऊन व्हिसा हाती पडला असता, तर ती आज ऑस्टिनला असती. थोडक्यात हुकलं.

जून २०२५ च्या हुकुमात या सवलती होत्या, पण त्या तुमच्या उंबऱ्यापर्यंत येत नाहीत. ग्रीन कार्डवाले, दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर प्रवास करणारे दुहेरी नागरिक, विश्वचषक-ऑलिंपिकचे खेळाडू, आणि अमेरिकन नागरिकांचे नवरा-बायको, मुलं, आईवडील. तुमचा मुलगा तिथे कामाच्या व्हिसावर आहे, नागरिक नाही, म्हणून त्याची बायको या यादीत बसत नाही. मुलाखतीला जायला कोणी अडवणार नाही, पण आत नकारच मिळण्याची शक्यता जास्त, आणि २०५ डॉलर फी परत येत नाही. बंदीचा पहिला आढावा हुकूम निघाल्यापासून ९० दिवसांनी, म्हणजे सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला व्हायचा होता. मी असते तर मुलाखत त्यापुढे ढकलली असती. आढाव्यात इराण सुटेल असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. भारतीय नागरिकत्वाचा विचार करत असाल, तर भारतीयाशी लग्न झालेल्या व्यक्तीलाही अर्जाआधी सात वर्षं इथे राहावं लागतं. तो रस्ता आहे, लांबचा आहे.

हे सगळं इराणी कुटुंबांना नवीन नाही. जानेवारी २०१७ मध्ये सात देशांवर अशीच बंदी आली तेव्हा माणसं विमानात होती. बसली तेव्हा व्हिसा चालत होता, उतरली तेव्हा चालेना. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि त्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ज्यांचं अमेरिकेत खरोखरीचं नातं आहे त्यांना येऊ द्या. मग सरकारनं नात्यांची यादी केली. तीत आईवडील होते, भाऊ-बहीण होते, चक्क जावईसुद्धा होता, पण आजी नव्हती! दुकानात आम्ही ती यादी मोठ्यानं वाचली होती. जावई आत आणि आजी बाहेर, ही यादी आपल्याकडे कुणी केली असती तर त्याला घरात चहा मिळाला नसता. हवाईच्या एका न्यायाधीशांनी दोन आठवड्यांत आजी-आजोबांना आत घेतलं. पण बंदीची तिसरी आवृत्ती जून २०१८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालयात टिकली आणि जानेवारी २०२१ पर्यंत चालली.

त्या काळात इराणी कुटुंबांनी एक जागा शोधून काढली होती. अमेरिका आणि कॅनडाच्या हद्दीवर, व्हर्माँट आणि क्वेबेकच्या मधोमध, हॅस्केल नावाचं १९०४ सालचं ग्रंथालय आहे. वाचनाच्या खोलीत जमिनीवर काळी रेघ आहे, तीच सरहद्द. आईवडील कॅनडाचा व्हिसा काढून एका बाजूनं यायचे, अमेरिकेत शिकणारी मुलगी दुसऱ्या बाजूनं, आणि पुस्तकांच्या कपाटांमध्ये चार तास भेटायची. तिचा व्हिसा एका प्रवेशापुरता, बाहेर पडली तर परत येता येणार नाही म्हणून हा खटाटोप. शेवटी ग्रंथालयालाच अशा भेटींना मनाई करणाऱ्या पाट्या लावाव्या लागल्या. मार्च २०२५ पासून कॅनडाच्या बाजूच्या लोकांना तिथल्या मुख्य दारानं जाण्यावरही अमेरिकेनं निर्बंध आणले.

आता तुम्ही म्हणाल, मुलालाच दिवाळीला बोलावू. जरूर बोलवा, पण तिकीट काढण्याआधी त्याला पासपोर्ट उघडून व्हिसाचा स्टॅम्प कधीपर्यंतचा आहे ते बघायला सांगा. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. एप्रिल २०२१ मध्ये माझे थोरले बंधू गेले आणि माझा भाचा डॅलसहून धावत आला. ४ मेपासून अमेरिकेनं भारतातून येणाऱ्यांवर बंदी घातली. भाच्याची मुलगी तिथे जन्मलेली, अमेरिकन नागरिक, त्यामुळे तिचा बाप म्हणून बंदीतून त्याला सूट होती. कागदावर तो मोकळा होता. पण स्टॅम्प संपलेला, आणि करोनामुळे वकिलातीचं रोजचं कामकाज बंद. सूट खिशात घेऊन तो साडेचार महिने माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून रात्रपाळी करत होता. पोर तिकडे सकाळची शाळेला निघताना फोनवर बूट दाखवायची, डावा-उजवा बरोबर घातलाय का म्हणून. त्याच्यासाठी भरून ठेवलेलं मेतकूट मे महिन्यात भरलं, जुलैत खवट झालं, पुन्हा भरलं, तेही आम्हीच भाताशी संपवलं. गेला तो तिसरा डबा घेऊन.

तुमच्या मुलाचा स्टॅम्प संपलेला असेल, तर आधी व्हिसाच्या मुलाखतीचा स्लॉट हातात घ्या, मग विमानाचं तिकीट. तो चालू असेल तर दुसरीही सोय बघता येईल, म्हणजे दोघांनाही जाता येईल अशा तिसऱ्या देशात भेटणं. आर्मेनिया इराणी पासपोर्टला व्हिसा मागत नाही. मात्र सूनबाई भारताबाहेर पडण्याआधी त्यांच्या इथल्या व्हिसावर परत यायची मुभा आहे ना, हे पुण्याच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात (एफआरओ) विचारून घ्या. नाहीतर ऑस्टिनही नाही आणि कर्वेनगरही नाही, अशी गत व्हायची. जून २०२५ मधल्या इस्रायल-इराणच्या त्या १२ दिवसांच्या युद्धात तिचा माहेरी फोन लागत होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारलं असेलच तुम्ही.

प्रश्न: मला ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या एम.एस.ला प्रवेश मिळालाय, विद्यापीठाचा आय-ट्वेंटी हा प्रवेशाचा कागद आला, परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे (सेव्हिसचे) ३५० डॉलर भरले, बँकेनं १८ लाखांचं कर्ज मंजूर केलं. पण मुंबईत स्लॉटच दिसत नाही. भारतावर बंदी नाही ना? मग हे काय आहे? टेलिग्रामवर एक जण ४० हजारांत स्लॉट देतो म्हणतोय. (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: भारतावर बंदी नाही, बरोबर आहे. २७ मे ते १८ जून २०२५ अमेरिकेनं जगभर विद्यार्थ्यांना मुलाखतीच्या नव्या तारखा देणं थांबवलं होतं. ऐन हंगामातले तीन आठवडे गेले, आणि त्यानंतर सगळी गर्दी एकाच खिडकीवर लोटली. नावानं बंदी नसली तरी तुझ्यासारखीला फरक तोच.

टेलिग्रामवाल्याला एक रुपयाही देऊ नकोस. मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या अमेरिकन दूतावासानं यंत्रांनी उचललेल्या सुमारे २००० अपॉइंटमेंट रद्द केल्या आणि त्या खात्यांना नव्या तारखा घेण्यापासून थांबवलं. पैसे गेले ते गेलेच, वर खातंही अडकलं.

आज संध्याकाळीच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला मेल टाक. दोनच प्रश्न विचार. उशिरात उशिरा कुठल्या तारखेपर्यंत पोचलं तर चालेल, आणि नाही जमलं तर प्रवेश जानेवारीवर नेता येईल का. लेखी उत्तर घे. तोवर बँकेला सांग की पहिला हप्ता सोडू नका. मंजुरीवर व्याज नसतं, उचललेल्या पैशांवर असतं. हे मी इतकं ठासून सांगते कारण आमच्या दुकानात एका बापानं फी आधी भरून टाकली होती आणि व्हिसा नाकारल्यावर आठ महिने परतीसाठी भांडत बसला होता.

इन्स्टाग्राम आणि बाकीची खाती खासगी असतील तर खुली कर, आता विद्यार्थ्यांना तशी सूचनाच आहे. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेली सगळी खाती लिही. जुनं, विसरलेलंही. मुलाखतीच्या आदल्या दिवशी पोस्टी पुसत बसणाऱ्यांची मला धास्ती वाटते, पुसलेलं जास्त उठून दिसतं.

आणि नोकरी असेल तर राजीनामा देऊ नकोस. शिक्का पासपोर्टात बसल्यावर दे.

प्रश्न: भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. ढाक्याच्या एका पार्टीला पॅकिंगचं मशिन बनवलं. करारात होतं की त्यांचे दोन माणूस इथे येऊन ट्रायल बघतील, सही करतील, मग एल.सी.चे, म्हणजे त्यांच्या बँकेनं दिलेल्या हमीपत्राचे, पैसे सुटतील. ऑगस्ट २०२४ पासून त्यांना व्हिसा मिळत नाही. मशिन ताडपत्रीखाली उभं आहे. बंदी अमेरिकेची असते असं वाटायचं, ही तर आपलीच निघाली. (भोसरी)

उत्तर: आपलीच. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथलं सरकार गेलं, आपली व्हिसा केंद्रं बंद झाली, आणि पुढे २०२५ मध्येही उपचार नि तातडीच्या कामांपुरते थोडे सोडले तर नेहमीसारखे व्हिसा मिळत नव्हते. सुरक्षेची कारणं असतील, मी त्यात शिरत नाही. पण अमेरिकेच्या नावानं बोटं मोडताना हे आठवत राहावं. २०२० मध्ये आपण ओसीआयवाल्यांचंही येणं बंद केलं होतं. तेव्हा करोनात अडकलेल्यांना परत आणणाऱ्या 'वंदे भारत'च्या विमानात आईबापाला जागा, आणि अमेरिकेत जन्मलेल्या तान्ह्या बाळाला नाही, असा प्रकार घडला. २२ मेला नियम सैल होईपर्यंत आया विमानतळावरून माघारी गेल्या.

तुमचं काम सुटण्यासारखं आहे. एल.सी.मध्ये 'खरेदीदाराच्या प्रतिनिधीची सही' असं आहे, तिथे 'मान्य तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र' अशी दुरुस्ती पार्टीला मागायला सांगा. दुरुस्ती त्यांनी त्यांच्या बँकेकडे अर्ज करून करायची असते, तुमच्या बँकेत खेटे घालून होत नाही. तपासणीवाला माणूस भोसरीला येईल, ढाक्याची मंडळी व्हिडिओवर बसतील. मशिन अर्धा तास सलग चालवा, पाकिटं त्यांच्यासमोर मोजा, वजनकाट्यावर कॅमेरा धरा. तपासणीचा खर्च कुणाचा यावर वाद होईल, निम्मा-निम्मा करून टाका. पुढच्या करारात 'कोणत्याही बाजूच्या माणसांना व्हिसा न मिळाल्यास' हे शब्द स्वतंत्र घाला. युद्ध-दंगल-पुराच्या छापील कलमात ते बसतील यावर विसंबू नका.

एल.सी.ची मुदत कधी संपते, ते तुम्ही लिहिलंच नाही. हे वाचून झाल्यावर सगळ्यात आधी ती तारीख बघा.